जुन्या अकाई सॅम्पलरमध्ये हलगीचे आवाज

गड्ड्याच्या यात्रेत रेकॉर्ड केलेली हलगी आमच्या अकाई एस३०००एक्सएल या सॅम्पलरमध्ये, म्हणजे आवाज साठवून हवा तेव्हा वाजवणाऱ्या यंत्रात, भरायची होती. त्यात फायली भरायचा फ्लॉपी ड्राइव्ह बंद पडलेला, आणि सोलापुरात तो दुरुस्त करणारा मला तरी सापडला नाही.

आधी मिडी केबलने, म्हणजे वाद्यं एकमेकांना जोडायच्या केबलने, कॉम्प्युटरवरून आवाजाचा डेटा पाठवून पाहिला. आवाज पोचतो, पण मिडीचा वेग सेकंदाला फक्त ३१,२५० बिट. ४४.१ किलोहर्ट्झचा एक सेकंदाचा मोनो आवाज जायला पाऊण मिनिट लागतं. हलगीच्या एका थापेला चालेल, अख्ख्या ठेक्याला नाही.

शेवटी सॅम्पलरच्या स्कझी पोर्टला (डिस्क जोडायची जुनी पद्धत) एसडी कार्डवर चालणारा हार्डडिस्क एम्युलेटर, म्हणजे हार्डडिस्कचं सोंग घेणारं छोटं उपकरण, लावला. सॅम्पलर आणि एम्युलेटर यांचे आयडी नंबर वेगळे हवेत, केबलच्या दोन्ही टोकांना टर्मिनेशन, म्हणजे सिग्नल टोकावरून परत उसळू न देणारे रेझिस्टर, हवं. नाहीतर डिस्क कधी दिसते, कधी गायब होते. डिस्क सॅम्पलरवरच फॉरमॅट केली. मग कार्ड कॉम्प्युटरला लावून अकाईयुटिल या मोफत प्रोग्रॅमने वेव्ह फायली (हलगीचे आवाज) कार्डावरच्या डिस्क इमेजमध्ये, म्हणजे सॅम्पलर जिला डिस्क समजतो त्या फाईलमध्ये, टाकल्या. नावं बारा अक्षरांच्या आत ठेवा.

कार्ड परत लावून लोड दाबलं आणि पॅडवर हलगी कडाडली! काडीचा तो बारीक चटका कॉम्प्युटरपेक्षा इथे जास्त भरीव वाटतो.