काचेवरचं पांढरं नेमकं काय आहे?

रीफ टाकी, म्हणजे कोरल (प्रवाळ) ठेवलेली खाऱ्या पाण्याची टाकी, जरा जुनी झाली की काचेवर, सम्पच्या (फिल्टर ठेवायच्या खालच्या टाकीच्या) अंधाऱ्या कोपऱ्यात पांढरं काहीबाही उगवायला लागतं. घरचे म्हणतात, किडे पडले. पडलेच असतात, पण बहुतेक निरुपद्रवी. तेव्हा ब्लेड बाजूला ठेवा. नागपुरात बर्डीवर घड्याळवाले डोळ्याला लावतात तसलं भिंग आणा आणि रात्री दिवे मालवून टॉर्च घेऊन बसा. टॉर्चवर लाल जिलेटीन पेपर लावा, पांढऱ्या उजेडात ही मंडळी झटकन आत शिरतात.

काचेला चिकटलेली दोन-तीन मिलिमीटरची चपटी गुंडाळी म्हणजे स्पायरॉर्बिड, नळीत राहणारा किडा. तोंडाशी इवलासा पिसारा, बोटाची सावली पडली की गडप. काचेवर असू द्या, पंपात मात्र नको. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. तेव्हा चिलरकडे (पाणी थंड करणाऱ्या यंत्राकडे) जाणारा प्रवाह मंदावला तर टाकीचं वरण व्हायला वेळ लागत नाही. मी एप्रिलमध्येच पंप खोलून पाणी मिसळलेल्या पांढऱ्या व्हिनेगरात ठेवते. नळ्या चुन्याच्या, फसफसून सुटतात.

असेच नळीतले किडे आणखीही असतात. नळी मऊ, चामड्यासारखी असेल तर फेदर डस्टर. कडक असेल आणि पिसाऱ्याजवळ नळी बंद करणारं बूच दिसलं, तर सर्प्युलिड. दोघंही पाणी गाळून खातात, त्यांना त्रास देऊ नका.

खरी फसगत होते व्हर्मेटिडशी. ही गोगलगाय आहे, पण नळी थेट किड्यासारखी कडक. पंप बंद करून चिमूटभर कोरल फूड सोडा आणि बघत राहा. किडा पिसारा फुलवतो. व्हर्मेटिड चिकट धागे सोडते आणि काही वेळाने अन्नासकट आत ओढून घेते. हे धागे शेजारच्या कोरलवर पडले की त्याचे पॉलिप (फुलासारखे उमलणारे इवले जीव) मिटलेलेच राहतात. नळी पकडीने मोडा, भोकावर सुपरग्लू जेल लावा. नुसती मोडली तर परत वाढते. कडा धारदार असतात, हातमोजे घाला.

पांढऱ्यात स्पंजही असतो, हा छिद्राछिद्रांचा जिवंत प्राणी. तो सावलीला दचकत नाही, ही त्याची सोपी खूण. पांढुरका, लवदार, वरच्या तोंडाभोवती केसांची झालर असलेला तो सायकॉन, म्हणजेच पायनॅपल स्पंज. अंधार आणि संथ पाणी आवडतं. आपोआप येतो, आपोआप जातो. दगडावर रंगीत स्पंज पसरला असेल तर दगड हवेत काढू नका, छिद्रांत हवा अडकून तो मरू शकतो. टाकीतच बादली बुडवायची आणि पाण्याखालीच दगड तिच्यात सरकवायचा.