जुन्या फिशिंग बोटीचं कार्पेट बदलायचंय? आधी झाकणांची फट मोजा

आमच्याकडे मिनेसोटात मे महिन्यात वॉलाय माशाच्या मासेमारीचा सीझन उघडतो, आणि त्याआधी महिनाभर अर्ध्या गॅरेजांमधे कुणी ना कुणी बोटीत डोकं खुपसून बसलेलं दिसतं. दोन वर्षांपूर्वी त्यात मीपण होतो. 17 फुटी ऍल्युमिनियमची बोट, मागच्या बाजूला उजवीकडे जो 12 अक्षरी नंबर कोरलेला असतो त्याचे शेवटचे दोन आकडे 94, म्हणजे 1994 चं मॉडेल. इंजिन ठणठणीत, पण कार्पेटला ओल्या कुत्र्याचा वास आणि ड्रायव्हरचे पाय जिथे टेकतात तिथे चक्क टक्कल पडलेलं. बायको म्हणाली, ह्यात बसायचं असेल तर तू एकटाच जा बाबा. मग काय, घेतलं काम अंगावर.

जे मी सगळ्यात शेवटी शिकलो ते आधी सांगतो: झाकणं. डेकवर सामानाच्या कप्प्यांना, बॅटरीला, मासे जिवंत ठेवायच्या टाकीला अशी पाच-सहा झाकणं असतात, आणि झाकण आणि डेक ह्यांच्यात जी बारीक फट असते त्यात दोन्हीकडचं कार्पेट मावावं लागतं, झाकणाच्या कडेवरून वळलेलं पण आणि डेकच्या कडेवरून वळलेलं पण. म्हणजे एका झाकणाच्या रुंदीत कार्पेटची जाडी चार वेळा येते. मी पायाला गुबगुबीत लागेल म्हणून 24 औंसाचं जाड कार्पेट मागवलं, जुनं पातळ होतं, आणि सगळं चिकटवून झाल्यावर एकही झाकण बसेना. लेक त्यावर उभा राहून उड्या मारत होता तरी बसेना. शेवटी सगळं सोलून झाकणांच्या कडा रंध्यानं तासल्या, परत सील केल्या, परत चिकटवलं, दोन वीकेंड पाण्यात. तेव्हा ऑर्डर करायच्या आधी सॅम्पलचा तुकडा मागवा, आणि जुनं कार्पेट काढलेल्या फटीत दोन्ही बाजूंना दोन-दोन थर धरून झाकण बंद होतंय का एवढं बघा. 16 किंवा 20 औंसाचं पुरतं. हे औंस म्हणजे एका चौरस यार्डातल्या लवेचं वजन, जास्त औंस म्हणजे जास्त दाट.

कार्पेट मरीनचंच घ्या, पॉलिप्रॉपिलीनचं, ज्याला दुकानात ओलेफिन म्हणतात. ते पाणी पीत नाही आणि उन्हात लवकर विटत नाही. पाठीला रबर असलेलं अजिबात नको, रबराखाली पाणी अडकतं आणि डेकचं लाकूड कुजतं. मला 8 फूट रुंद 18 फूट लांब लागलं, थोडं उरलं.

आता उचकटायचं काम. खुर्च्या, त्यांचे बेस, बिजागऱ्या सगळं काढा, काढायच्या आधी प्रत्येक कोपऱ्याचा फोटो, आणि स्क्रू झिपलॉकच्या पिशवीत घालून वर मार्करनं नाव, कारण तीन आठवड्यांनी तुम्हाला काहीही आठवणार नाही. हातात चामड्याचे ग्लोव्ह्ज घाला, जुन्या कार्पेटमधे तीसेक वर्षांचे गळ रुतलेले असतात, मला सात सापडले आणि त्यातला एक बोटानं शोधला. कोपरा पटाशीनं उचलायचा, पकडीनं धरून ओढायचं, अडलं तिथे हीट गन. कार्पेट निघतं पटकन, पण गोंद मागे राहतो, आणि खरी हमाली ती. आधी रुंद पट्टीनं खरवडा, उरलेलं ग्राइंडरला तारेचा ब्रश लावून. हे बाहेर अंगणात करा, मास्क आणि चष्मा लावून. गोंद विरघळवायला सॉल्व्हंट वापरणार असाल तर बंद गॅरेजमधे नकोच, विशेषतः जर तिथे गॅसचा वॉटर हीटर असेल, त्यातल्या ज्योतीला तेवढी वाफ पुरते.

खाली काय निघेल सांगता येत नाही. माझ्या बोटीत पेन्या (एक सेंटची नाणी) निघाल्या, 1982 च्या आधीच्या, त्या जवळजवळ पूर्ण तांब्याच्या असतात, आणि एक जिथे ओल्या ऍल्युमिनियमवर पडून होती तिथे पत्र्याला पांढरी पूड आणि खड्डा पडला होता. हे बघितलंत की पुढचा मुद्दा आपोआप कळेल: डेकचा प्लाय कुजला असेल तर बदलताना प्रेशर ट्रीटेड (दाबानं औषध मुरवलेलं) लाकूड घेऊ नका. टिकतं म्हणून सगळे तेच सुचवतात, पण त्याच्या औषधात तांबं असतं आणि ऍल्युमिनियमला ते लागून ओलं राहिलं की तोच खेळ. मरीन प्लाय घ्या, नाहीतर चांगला एक्स्टिरियर प्लाय घेऊन सगळ्या बाजूंनी इपॉक्सीचे दोन हात द्या, कडांना आणि स्क्रूच्या भोकांना जरा जास्तच, पाणी तिथूनच शिरतं. कुजलाय का हे बघायला स्क्रूड्रायव्हर टोचा, बिस्किटासारखा आत गेला तर गेला कामातून. डेक उघडाच आहे तर खालचा फोमपण दाबून बघा, चिंब असेल तर काढून नवीन भरा, पण काढून तसंच सोडू नका, बोटीत पाणी भरलं तर तोच तिला तरंगती ठेवतो.

कापताना जुना तुकडा पॅटर्न म्हणून ठेवायचा पण त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही, तो आकसलेला असतो. चहूबाजूंनी तीन इंच जास्त ठेवून कापा. आणि लव! मखमलीवर हात सुलटा फिरवला की एक रंग, उलटा फिरवला की दुसरा, तसंच इथे होतं. म्हणून रोल उघडला की पाठीवर खडूनं बाण काढून घ्या, सगळे बाण बोटीच्या एकाच टोकाकडे. कापड वाचवायला मी एक झाकण आडवं कापलं, ते आजही ठिगळासारखं वेगळं दिसतं.

गोंद आउटडोअर कार्पेटचा, इडलीच्या पिठापेक्षा जरा घट्ट असतो, दातेरी थापीनं पसरायचा. हवा साधारण 10 डिग्री सेल्सिअसच्या वर हवी, आमच्याकडे एप्रिलमधे हीच पंचाईत, रात्री गारठा पडला की गोंद ओलाच राहतो. डब्यावर जेवढी मिनिटं लिहिलीत तेवढं थांबा, मग मधून कडांकडे दाबत जा, हवेचे फुगे बाहेर ढकलत. रोलर नव्हता म्हणून मी स्वयंपाकघरातलं लाटणं पळवलं, काम झकास झालं, लाटणं मात्र नवीन आणून द्यावं लागलं. झाकणाच्या कडेवरून वळवताना कोपऱ्यात खालच्या बाजूला कापड तिरकं छाटा, नाहीतर तिथे दुहेरी घडी येऊन परत झाकण अडणार. खालून स्टेपल मारणार असाल तर स्टेनलेसच्याच, साध्या एका सीझनमधे गंजतात. ब्लेड सारखी बदला, बोथट ब्लेड कार्पेट कापत नाही, ओढते.

आणि खुर्चीच्या बेसची भोकं परत पाडताना कार्पेटमधून थेट ड्रिल घालू नका. एक धागा बिटमधे गुंडाळला की तो स्वेटरसारखा उसवत जातो, दोन फूट लांब रेघ पडते डेकवर, डोळ्यादेखत. आधी तापलेल्या सोल्डरिंग आयर्ननं भोक जाळून घ्या, धाग्यांची टोकं वितळून बसतात, मग ड्रिल.

झालं की झाकणं उघडी ठेवून दोन दिवस तरी सुकू द्या. उरलेले तुकडे फेकू नका, पहिल्याच ट्रिपला कुणाचा तरी तीन काट्यांचा गळ नव्या कार्पेटमधे रुतणार आहे. तो उपटायचा नाही, पकडीनं काटा तोडायचा आणि उरलेला भाग वरून पुढे ढकलून काढायचा, तरीही फाटलं तर तेवढं चौकोनी कापून तुकडा लावायचा, बाण बघून.