एनएलपीचा प्रशिक्षणवर्ग निवडताना

ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर किंवा नवी मुंबईत वाशीला शनिवार-रविवारी भरणाऱ्या एनएलपी, म्हणजेच न्यूरो-लिंग्विस्टिक प्रोग्रॅमिंग (भाषा आणि विचारांच्या सवयींतून वागण्यात बदल घडवू पाहणारी पद्धत) याच्या वर्गात नाव नोंदवण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियात रिचर्ड बँडलर आणि जॉन ग्राइंडर यांनी मांडलेल्या या पद्धतीवर जगभरात कोणत्याही एका संस्थेचे नियंत्रण नाही, त्यामुळे ‘आंतरराष्ट्रीय मान्यता’ हे शब्द जाहिरातीत दिसले की मान्यता नेमकी कोणाची, हे लेखी विचारावे.

प्रशिक्षकाची पारख सर्वांत महत्त्वाची. तो स्वतः कोणाकडे शिकला, प्रत्यक्ष सराव किती तास करून घेतो, एका तुकडीत किती जण असतात आणि सरावावर देखरेख कोण ठेवतो, याची सरळ उत्तरे मिळायला हवीत. शक्य असल्यास जुन्या विद्यार्थ्यांशी, आयोजकांनी निवडून दिलेल्यांखेरीज इतरांशीही, बोलावे. दोन दिवसांत ‘मास्टर प्रॅक्टिशनर’ हे वरच्या पातळीचे प्रमाणपत्र देणारा वर्ग मी तरी टाळेन.

या पद्धतीच्या अनेक दाव्यांना भक्कम वैज्ञानिक आधार मिळालेला नाही, हे मान्य करणारा प्रशिक्षक अधिक विश्वासार्ह समजावा. भीती किंवा नैराश्य हमखास बरे करण्याचे आश्वासन देणाऱ्यापासून दूर राहावे, कारण एनएलपीच्या प्रमाणपत्राने मानसोपचार करण्याचा अधिकार मिळत नाही. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाला (क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट) भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते.

शुल्क जीएसटीसह किती आणि परताव्याच्या अटी कोणत्या, हे पावतीपूर्वीच लेखी घ्यावे.