विंडोजशेजारी लिनक्स बसवताना डिस्कची विभागणी का अडते आणि ती कशी सोडवावी

विंडोज असलेल्या संगणकावर लिनक्स टाकताना ठरावीक तीन अडचणी येतात. इन्स्टॉलर जागा नाही म्हणतो, त्याला डिस्कच दिसत नाही, किंवा सगळं सुरळीत होऊन नंतर विंडोज सुरू होत नाही. या तिन्हींची कारणं इन्स्टॉलर उघडण्याआधीच तयार झालेली असतात. म्हणून इथे पूर्वतयारीवर जास्त भर दिला आहे आणि तीच घाईत उरकू नये अशी माझी कळकळीची विनंती आहे.

सुरुवात बॅकअपने करा, आणि तो दुसऱ्या डिस्कवर घ्या. त्याच डिस्कच्या डी ड्राइव्हवर ठेवलेली प्रत बॅकअप ठरत नाही, कारण पार्टिशन टेबल (डिस्कच्या भागांची, म्हणजे पार्टिशन्सची, नोंदवही) बिघडलं की सी आणि डी दोन्ही एकदम जातात.

१. डिस्कची पद्धत ओळखा

विंडोजमध्ये 'डिस्क मॅनेजमेंट' उघडा. डावीकडच्या 'डिस्क ०' वर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज'मधल्या 'व्हॉल्यूम्स' टॅबवर जा. तिथे एमबीआर (पार्टिशन टेबलची जुनी पद्धत) किंवा जीपीटी (नवी पद्धत) यांपैकी एक दिसेल. मग 'सिस्टिम इन्फर्मेशन'मध्ये 'बायोस मोड', म्हणजे संगणक सुरू होण्याची पद्धत, पाहा: 'लेगसी' (जुनी) की 'यूईएफआय' (नवी). विंडोज जीपीटी डिस्कवरून फक्त यूईएफआय मोडमध्ये सुरू होतं आणि एमबीआर डिस्कवरून फक्त लेगसी मोडमध्ये. ही जोडी कागदावर लिहून ठेवा, पुढे लागेल.

जीपीटी असेल तर निश्चिंत पुढे जा. त्यात विंडोज १२८ पार्टिशन्सपर्यंत मुभा देतं. खरी अडचण एमबीआरची. त्यात प्रायमरी (मुख्य) पार्टिशन्स चारच मावतात. जुन्या लॅपटॉपमध्ये सिस्टिम रिझर्व्हड, सी, रिकव्हरी आणि कंपनीच्या साधनांचं एक अशी चारही घरं आधीच भरलेली असतात. मग सी लहान करून कितीही जागा मोकळी केली तरी लिनक्सचा इन्स्टॉलर तिला 'अनयूजेबल' म्हणतो. जागा असते, पण तिची नोंद करायला टेबलात ओळ उरलेली नसते.

अशा वेळी डिस्क मॅनेजमेंटमधून पाचवं पार्टिशन करायला गेलात, तर विंडोज डिस्क 'डायनॅमिक' करू का असं विचारतं. नाहीच म्हणा. डायनॅमिक डिस्कवर लिनक्सचे नेहमीचे इन्स्टॉलर काम करत नाहीत, आणि परत 'बेसिक'वर येणं फार कटकटीचं आहे.

त्याऐवजी चारांपैकी एक पार्टिशन (डी असेल तर बहुधा तेच) रिकामं करून काढून टाका. मोकळ्या जागेत लिनक्सचा इन्स्टॉलर एक्स्टेंडेड पार्टिशन करतो आणि त्याच्या पोटात हवी तेवढी लॉजिकल पार्टिशन्स. लिनक्सला लॉजिकलवर राहायला काहीच अडचण नसते. संगणक यूईएफआय चालवू शकत असेल, तर विंडोज १० च्या १७०३ आवृत्तीपासून मिळणाऱ्या 'एमबीआर-टू-जीपीटी' साधनाने डेटा न पुसता डिस्क जीपीटी करता येते. मात्र तेव्हा प्रायमरी पार्टिशन्स जास्तीत जास्त तीन असावी लागतात, एक्स्टेंडेड चालत नाही, आणि नंतर फर्मवेअरमध्ये (विंडोजच्या आधी चालणाऱ्या, संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये) मोड यूईएफआय करावा लागतो.

२. विंडोज पूर्ण बंद होऊ द्या

कंट्रोल पॅनेलच्या 'पॉवर ऑप्शन्स'मधून 'फास्ट स्टार्टअप' बंद करा. ते चालू असताना 'शट डाउन' म्हणजे अर्धवट झोप असते, आणि त्या अवस्थेतल्या ड्राइव्हवर लिनक्सला लिहिता येत नाही. बिटलॉकर किंवा 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' (विंडोजची डिस्क कुलूपबंद करणारी सोय) चालू आहे का तेही तपासा. नव्या लॅपटॉपवर ते नकळत चालू असतं. त्याची ४८ अंकी रिकव्हरी की लॅपटॉपबाहेर जपून ठेवा. बूटची मांडणी बदलताच ती मागितली जाऊ शकते.

३. सी लहान करा, पण विंडोजमधूनच

डिस्क मॅनेजमेंटमध्ये सी वर राइट क्लिक करून 'श्रिंक व्हॉल्यूम' निवडा. भरपूर जागा रिकामी असूनही विंडोज थोडीच द्यायला तयार होतं, कारण पेजफाइल, हायबरनेशन फाइल आणि सिस्टिम रिस्टोअरच्या नोंदी मध्येच ठाण मांडून असतात. तिन्ही तात्पुरत्या बंद करा, संगणक पुन्हा सुरू करा, मग श्रिंक करा आणि झाल्यावर त्या पुन्हा चालू करा.

मोकळी झालेली जागा 'अनअलोकेटेड' अशीच सोडा. तिथे नवा ड्राइव्ह तयार करू नका.

४. आता इन्स्टॉलर

बूट मेन्यूत पेनड्राइव्ह अनेकदा दोनदा दिसतो, एकदा 'यूईएफआय' या अक्षरांसह आणि एकदा नुसता. कागदावर लिहिलेल्या विंडोजच्या मोडशी जुळणाराच निवडा. इन्स्टॉलरला डिस्कच दिसली नाही, तर बऱ्याच इंटेल लॅपटॉपवर कारण फर्मवेअरमधला आरएसटी किंवा व्हीएमडी मोड (डिस्क हाताळण्याची इंटेलची खास पद्धत) असतो. तो थेट बदलला तर विंडोज अडकतं. म्हणून बिटलॉकर असल्यास तो आधी स्थगित करा, विंडोजला 'सेफ बूट'वर लावा, रीस्टार्ट करताना फर्मवेअरमध्ये एएचसीआय (डिस्क हाताळण्याची सर्वसाधारण पद्धत) निवडा, विंडोज एकदा सुरू होऊ द्या आणि मग सेफ बूट काढा.

'इरेज डिस्क'ला हात लावू नका. स्वतः विभागणी करत असाल, तर मोकळ्या जागेत ईएक्सटी४ (लिनक्सची फाइली ठेवण्याची पद्धत) पद्धतीचं रूट, म्हणजे लिनक्सचं मुख्य, पार्टिशन करा. स्वॅपसाठी (मेमरी कमी पडली की डिस्कवर वापरायची जागा) वेगळं पार्टिशन सहसा लागत नाही, फाइल पुरते. यूईएफआय असेल तर सुमारे १०० एमबीचं, फॅट३२ पद्धतीचं ईएफआय पार्टिशन (संगणक सुरू करणाऱ्या फाइलींचं) आधीच असतं. लिनक्स तेच वापरू शकतं. पण 'फॉरमॅट'ची खूण तिथे चुकूनही करू नका, विंडोजचा बूटलोडर (विंडोज सुरू करून देणारा प्रोग्राम) त्यातच राहतो.

५. नंतर

संगणक सुरू होतानाच्या मेन्यूत विंडोज दिसलं नाही म्हणून घाबरू नका. हा मेन्यू दाखवणारा लिनक्सचा बूटलोडर म्हणजे ग्रब. २०२१ च्या ग्रब २.०६ पासून इतर सिस्टिम शोधणारा ओएस-प्रोबर मुळातच बंद ठेवलेला असतो. ग्रबच्या सेटिंगमध्ये तो चालू करून मेन्यू पुन्हा तयार करा.

विंडोजमध्ये कधी 'ही डिस्क फॉरमॅट करा' अशी खिडकी आली तर 'कॅन्सल' दाबा. विंडोजला ईएक्सटी४ वाचता येत नाही, एवढाच तिचा अर्थ. दोन्हीकडून लागणाऱ्या फाइलींसाठी एनटीएफएसचं (विंडोजची नेहमीची पद्धत) वेगळं पार्टिशन ठेवा. फॅट३२ टाळा, त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही.

पुढे लिनक्स काढायचं ठरलं, तर आधी बूटची सूत्रं विंडोजकडे द्या: यूईएफआयमध्ये फर्मवेअरचा बूट क्रम बदलून, लेगसीमध्ये विंडोजच्या रिकव्हरीतून बूट रेकॉर्ड दुरुस्त करून. लिनक्सचं पार्टिशन त्यानंतरच पुसा.