'एजंट नकोत' अशी पाटी लावणाऱ्या घरमालकाकडे जाताना
बेळगावच्या टिळकवाडीत किंवा शहापुरात 'घर विकणे आहे, एजंट नकोत' अशी पाटी दिसली, तर एजंटने पहिल्या भेटीत कमिशनचा विषय काढू नये. चहा पुढे आला तर घ्यावा आणि घर कोणी, केव्हा बांधले ते मालकांच्याच तोंडून ऐकावे. अनेक मराठी वडीलधाऱ्यांना कन्नडमधील मालमत्तेचा उतारा नीट वाचता येत नाही, आणि खरा विश्वास तिथेच जमतो. उताऱ्यावरील नावे, क्षेत्रफळ आणि कर्नाटकच्या नोंदणी खात्याच्या कावेरी पोर्टलवरून काढलेल्या बोजा प्रमाणपत्रातील (घरावरचे गहाण, व्यवहार दाखवणाऱ्या दाखल्यातील) नोंदी ओळीवर बोट ठेवून मराठीत समजावून सांगाव्यात. नमुना १५ मध्ये, म्हणजे नोंदी असलेल्या बोजा प्रमाणपत्रात, जुने गहाणखत आढळले, तर ते गिऱ्हाईक आणण्यापूर्वीच सांगावे. भाव पाडून बोलणे मात्र कटाक्षाने टाळावे. शेजारचे घर कितीला गेले, हे मालकांनी आधीच विचारून ठेवलेले असते.