लोहखनिजाचा गाळ पॉलिप्रॉपिलीनमध्ये कसा भरायचा

गोव्यात लोहखनिज धुतल्यावर उरणारा तांबडा गाळ १०५ अंश सेल्सिअसला, वजन घटायचं थांबेपर्यंत वाळवा. ओल राहिली की मालात बुडबुडे धरतात, वर चंदेरी रेघा उठतात. ७५ मायक्रॉनच्या चाळणीतून चाळा. गाळातल्या सिलिकाची (वाळूतल्या खनिजाची) धूळ फुप्फुसात बसते, मास्क हवाच.

१० किलोच्या बॅचला पॉलिप्रॉपिलीन हे प्लॅस्टिक ७.७ किलो, गाळ २ किलो आणि मॅलेइक अॅनहायड्राइड जोडलेलं पॉलिप्रॉपिलीन ३०० ग्रॅम. या शेवटच्यात काटकसर नको. त्याच्याविना भुकटी प्लॅस्टिकला धरत नाही, ताण येताच सुटते. लोहामुळे प्लॅस्टिक लवकर खराब होतं, म्हणून वर २० ग्रॅम अँटिऑक्सिडंट.

हे मिश्रण ट्विन-स्क्रू एक्स्ट्रूडरमध्ये (दोन फिरत्या स्क्रूंनी प्लॅस्टिक वितळवून मिसळणाऱ्या यंत्रात) १९० ते २१० अंशांवर चालवा. एक तुकडा मोडून पाहा: तुटल्या कडेवर तांबडे ठिपके दिसले तर गुठळ्या फुटलेल्या नाहीत, माल तिथूनच तडकणार.