बागेत शिकवायला येताय? मग या चुका टाळा

सामुदायिक बागेच्या शिक्षण उपक्रमात नाव नोंदवायला आलेला जवळजवळ प्रत्येक जण पहिल्याच भेटीत सांगतो, "मला झाडांची फार आवड आहे." असणारच, नाहीतर सुट्टीच्या सकाळी चिखलात कोण येईल? पण आवडीच्या पाठोपाठ घाईही येते. उत्तर देण्याची घाई, खुरपं चालवण्याची घाई, हिरवागार वाफा दाखवण्याची घाई. बरीच वर्षं मी स्वयंसेवकांच्या पाळ्या लावते, नव्यांना तयार करते आणि जुन्यांनी करून ठेवलेलं निस्तरते. दर हंगामात तेच तेच सांगून घसा सुकतो, म्हणून एकदाचं लिहून टाकते.

पान दिसलं की औषध सांगणं

या चुकीवर माझा विशेष राग आहे. कोणीतरी पिवळं पान घेऊन येतं. स्वयंसेवक ते हातातही न घेता म्हणतो, "नायट्रोजन कमी पडलंय, खत घाला." विचारणारा खूश, सांगणारा त्याहून खूश.

पान पिवळं पडायला कारणं डझनभर असतात. नायट्रोजन झाडाच्या आत इकडून तिकडे फिरू शकतं, म्हणून त्याचा तुटवडा पडला की झाड जुन्या पानांतलं काढून शेंड्याला पुरवतं आणि पिवळेपणा खालून वर चढतो. लोह असं फिरत नाही. ते कमी पडलं की आधी कोवळी पानं फिकटतात, शिरा मात्र हिरव्या राहतात. त्यातही गंमत अशी की मातीत लोह भरपूर असतं, पण माती अल्कधर्मी असल्यामुळे मुळांना ते उचलता येत नाही. आणि मुळं सतत पाण्यात असतील तर त्यांना हवाच मिळत नाही. मग माती ओली असूनही झाड मान टाकतं, आणि मालक ते तहानलेलं समजून आणखी पाणी ओततो.

एकदा एक बाई कुंडीतल्या मिरचीचा फोटो घेऊन आल्या. आमच्या एका उत्साही स्वयंसेवकाने मोबाईलकडे ओझरतं पाहिलं आणि निकाल दिला: युरिया. किती घालू? "मूठभर." युरियात 46 टक्के नायट्रोजन असतं. एका कुंडीला मूठभर युरिया म्हणजे रोपाला जाळण्याची सोय. पुढच्या वर्गाला बाई कुंडीच उचलून घेऊन आल्या. पानांच्या कडा तपकिरी होऊन गुंडाळल्या होत्या. कुंडीखाली काय ठेवता, असं विचारलं तर म्हणाल्या, बशी. बशीत पाणी असतं का? कायम असतं, फरशी खराब होऊ नये म्हणून. कुंडी कलती केली तर तळाचं भोक मातीने गच्च बुजलेलं, आणि मुळांना कुबट वास. मूळ दुखणं ते होतं, त्यावर खताचा मारा झाला. स्वयंसेवकाचं म्हणणं काय, तर फोटोत बशी दिसत नव्हती. अहो, म्हणून तर विचारायचं!

त्या बाई नंतर वर्गाला आल्या, पण प्रश्न विचारेनाशा झाल्या. मिरची गेल्यापेक्षा मला ते जास्त लागलं.

माझी सवय सांगते. उत्तर द्यायच्या आधी मी कंटाळा येईपर्यंत विचारते. पाणी कधी आणि किती घालता? बोट दोन पेरं मातीत खुपसलं तर ओल लागते का? ऊन किती तास? गेल्या पंधरवड्यात काय घातलं, काय फवारलं? आधी जुनी पानं बिघडली की नवी? शेजारच्या झाडांचं काय? निम्म्या वेळा सांगता सांगता समोरच्यालाच कारण कळतं. नाही कळलं तर "बघून सांगते" म्हणायचं, वहीत लिहून घ्यायचं आणि खरंच बघून सांगायचं. "माहीत नाही" म्हणायला लाजणारा स्वयंसेवक मला वर्गात नको असतो. गळ्यात उपक्रमाचं ओळखपत्र असताना तुम्ही जे बोलता ते उपक्रमाने सांगितलं, असंच लोक धरून चालतात. "माझ्या घरी तर असंच चालतं" हा दाखला घरीच ठेवा.

किडींच्या बाबतीत हीच घाई जास्त महागात पडते. मावा, म्हणजे रस शोषणाऱ्या बारीक किडी, पडलेल्या फांदीवर काळपट, लांबट, पाठीवर केशरी ठिपके असलेली, दिसायला भयंकर अशी एक अळी हमखास फिरत असते. ती ढालकिड्याची, म्हणजे लेडीबर्डची अळी. ती मावा खाऊनच मोठी होते आणि पूर्ण वाढ होईपर्यंत शेकडो मावा फस्त करते. मी अशा स्वयंसेवकांना पाहिलं आहे, जे मुलांना रांगेत उभं करून या अळ्या वेचायला आणि चिरडायला लावत होते, आणि त्याच फांदीवरचा मावा "बारीक आहे, राहू दे" म्हणून सोडत होते. ओळख पटल्याशिवाय कुठलीही अळी मारायची नाही, हा आमचा नियम तेव्हापासूनचा. भिंग दोरीला बांधून शेडमध्ये टांगलेलं आहे, तेवढं वापरा.

दुसऱ्याच्या हातातलं खुरपं काढून घेणं

ही चूक चांगल्या बागकाम करणाऱ्यांकडून होते, म्हणून ती सांगणं अवघड जातं. ज्याचा हात बसलेला आहे त्याला दुसऱ्याचं चाचपडणं बघवत नाही. "थांबा, मी दाखवतो," असं म्हणून तो खुरपं घेतो, आणि पुढचा अर्धा तास शिकणारे लोक एका माणसाचं बागकाम बघत उभे राहतात.

मुलांच्या एका गटाने मुळ्याचं बी पेरलं होतं. मुळा नवशिक्यांना मी मुद्दाम देते. तीन-पाच दिवसांत उगवतो आणि महिनाभरात काढायला येतो, त्यामुळे मुलांचा धीर सुटत नाही. पेरणी अर्थातच भयाण झाली होती. ओळी वाकड्या, एका जागी चिमूटभर बी, पुढे वीतभर काहीच नाही. प्रत्येकाने आपल्या ओळीला नावाची काडी लावली. त्या संध्याकाळी एका ज्येष्ठ स्वयंसेविकेने येऊन सगळा वाफा उकरला, सपाट केला आणि दोरी धरून नव्याने पेरला. हेतू वाईट नव्हता. पालकांना वाफा दाखवायचा होता. पुढच्या वर्गाला मुलं आली तर रोपं शिपायांसारखी रांगेत उभी! पहिल्यांदा टाळ्या. मग एक मुलगी म्हणाली, "मी इथे पेरलंच नव्हतं." हळूहळू सगळ्यांच्या लक्षात आलं. त्या वाफ्याला पाणी घालायला पुढे मुलं येईनात, मोठ्यांनाच घालावं लागलं.

शिवाय धडाही गेला. दाट पेरलेला मुळा विरळ केला नाही की नुसता पाला माजतो आणि खाली कंद धरत नाही. मुलांच्या वेड्यावाकड्या ओळीत दाट आणि विरळ दोन्ही शेजारी शेजारी उगवलं असतं. महिन्याने उपटून दाखवलं असतं तर विरळणी का करायची हे एका मिनिटात समजलं असतं. मग फळ्यावर चित्र काढायची गरज उरली नसती.

मी हात मागे बांधून उभी राहते. खरंच, पाठीमागे हाताची बोटं एकमेकांत अडकवून. रोप उलटं लावत असतील, खोड मातीत गाडत असतील, तर प्रश्न विचारते. "मुळं कुठल्या बाजूला जातील?" एवढा पुरतो. धोका असेल तेव्हाच हात पुढे. आणि एकदा शिकणाऱ्याच्या नावाने दिलेल्या वाफ्यात त्याच्या माघारी काहीही करायचं नाही. तणसुद्धा उपटायचं नाही, तुम्हाला कितीही शिवशिवलं तरी.

"पाणी कोणीतरी घालेलच"

सगळ्यांना कार्यशाळा घ्यायची असते. पाण्याची पाळी मात्र कोणालाच नको असते. नवीन माणसाला मी आधी पाळीवरच ठेवते, आणि यावर कुरकुर करणारे बहुतेक फार दिवस टिकत नाहीत. ट्रेमधल्या रोपांना माती इतकी थोडी असते की कडक उन्हात एक दिवस चुकला तरी ती मान टाकतात. आठ लोकांनी जपलेला ट्रे एकाच्या "अरे, विसरलोच" मध्ये जातो, आणि त्याबरोबर तो ट्रे ज्या वर्गासाठी होता तो वर्गही.

येणं जमणार नसेल तर आदल्या संध्याकाळी कळवा. सकाळी सातला "आज नाही जमत" असा निरोप टाकून अपराधी चेहऱ्याचा इमोजी जोडला म्हणजे जबाबदारी संपत नाही. बदली माणूस तुम्ही शोधायचा. आणि पाणी घातलं म्हणजे पानं भिजवली असं नव्हे. झारी मुळाशी धरा. वरून ओलं आणि खाली कोरडं असलेल्या वाफ्यावर मी बोट खुपसून बघते, हे सगळ्यांना माहीत आहे.

मोबाईलवर पाहिलेले झटपट उपाय

टोमॅटोचं बूड काळं पडलं की हल्ली कोणी ना कोणी एप्सम सॉल्ट सुचवतंच. बूड काळं पडतं ते फळापर्यंत कॅल्शियम पोहोचत नाही म्हणून, आणि बहुतेक वेळा त्याच्या मुळाशी पाण्याची अनियमितता असते: दोन दिवस कोरडं, मग एकदम चिखल. एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम. ते मुळांशी कॅल्शियमशी स्पर्धा करतं, म्हणजे दुखणं वाढण्याचीच शक्यता जास्त. आच्छादन घाला, पाणी नेमाने द्या, इतकं कंटाळवाणं उत्तर आहे. कंटाळवाण्या उत्तरावर व्हिडिओ निघत नाही, त्याला मी काय करू?

तणावर मीठ, पानांवर भांड्याचा साबण, भर दुपारी कडुनिंबाचं तेल, हेही त्याच गावचे. मीठ मातीत राहतं, साबण पानं भाजतो, आणि फुलावर आलेल्या झाडावर मधमाश्यांच्या वेळी कुठलीच फवारणी करायची नसते. घरगुती म्हणजे निरुपद्रवी, हा समज स्वयंसेवकाच्या तोंडून तरी येऊ नये. विकतच्या औषधाबद्दल विचारलं तर लेबल मोठ्याने वाचून दाखवा, त्यापलीकडे जाऊ नका.

ताज्या शेणाचंही तसंच. अमेरिकेच्या सेंद्रिय शेतीच्या नियमांत न कुजवलेलं शेणखत घातल्यापासून काढणीपर्यंत, खायचा भाग मातीला लागत असेल तर 120 दिवस आणि लागत नसेल तर 90 दिवस जावे लागतात. आमच्या बागेत, जिथे मुलं मुळा उपटून तिथेच तोंडात घालायला बघतात, मी ताजं शेण फाटकाच्या आतच येऊ देत नाही. कंपोस्ट चालेल, पण ढीग आतून 55 अंशांच्या वर काही दिवस तापलेला हवा. हाताला कोमट लागला म्हणून झालं, असं नाही. ढिगाला खुपसायचा थर्मामीटर आहे.

प्रशिक्षण घेऊन गायब होणं

1972 मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात विद्यापीठाच्या विस्तार सेवेने, म्हणजे लोकांना शेती-बागकामाचा सल्ला देणाऱ्या विभागाने, "मास्टर गार्डनर" उपक्रम सुरू केला. बागवाल्यांचे प्रश्न इतके वाढले होते की कर्मचारी पुरेनात. तोडगा सरळ होता: आम्ही तुम्हाला शिकवतो, बदल्यात तुम्ही ठरलेले तास लोकांना शिकवा. आज जगभर जे असे उपक्रम चालतात त्यांतल्या पुष्कळांचा पाया हाच व्यवहार आहे. प्रमाणपत्र घेतलं, भिंतीवर लावलं आणि नंतर फोन उचलला नाही, तर तुम्ही कोणाची तरी जागा खाल्लीत.

तासांची नोंद त्याच दिवशी करा. महिनाअखेरीला आठवून भरलेली वही मला लांबून ओळखू येते, सगळे आकडे गोल असतात. नोंद चोख असेल तरच निधी देणाऱ्यांपुढे काही ठेवता येतं.

आणि ते ओळखपत्र घालून स्वतःची रोपवाटिका, मित्राचं खत, बहिणीच्या कुंड्या विकायच्या नाहीत. यावर चर्चा होत नाही.

राहिलेलं, थोडक्यात

मुलांबरोबर एकट्याने थांबू नका, दुसरा मोठा माणूस नजरेच्या टप्प्यात हवा. पालकांच्या परवानगीशिवाय मुलांचे फोटो टाकू नका, पाठमोरे असले तरी विचारा. दाताळं खाली ठेवताना दात जमिनीकडे. धनुर्वाताची लस झाली आहे का ते बघा. मधमाशीची अ‍ॅलर्जी कोणाला आहे ते वर्गाच्या सुरुवातीला विचारा, डंख झाल्यावर विचारून उपयोग नाही. कोरड्या कंपोस्टची पिशवी तोंडाजवळ धरून फाडू नका, आधी थोडं पाणी शिंपडा. अवजारं धुऊन, पुसून ठेवा. आजारी झाड कापलेली कात्री तशीच निरोगी झाडाला लावणाऱ्याशी मी दोन दिवस बोलत नाही.

सोडून जाताना

लोक सोडून जातात, त्यात गैर काही नाही. नोकरी बदलते, गुडघे बोलायला लागतात, घरी लहान मूल येतं. फक्त हंगामाच्या मध्यात हळूच नाहीसे होऊ नका. तुमच्या वर्गाची वही, उरलेलं बी, आणि त्यावर बी कुठल्या वर्षाचं आहे ते लिहिलेली चिठ्ठी पुढच्या माणसाकडे द्या. शेडची चावी कोणाच्या तरी हाती पाठवून मोकळं होऊ नका, स्वतः आणून द्या. कुठला नळ गळतो आणि कुठल्या वाफ्यात पाणी साचतं, हे तेवढ्या पाच मिनिटांत तुमच्याकडून काढून घ्यायचं असतं.